वरच्या रांगेची गाडी

“तुमच्या बॅटरीच्या गाडीला चढ दिसला की धाप लागते, बर्गेसाहेब! सगळ्यांसमोर सांगतो,” सबनीस आमटीचा भुरका मारून म्हणाले. आमटीचा एक ओघळ हनुवटीवरून घसरला आणि समोर पसरलेल्या गाडीच्या रंगीत चित्रावर टपकला.

“आणि तुमच्या पेट्रोलच्या गाडीच्या धुरानं आम्हाला धाप लागते, त्याचं काय?” आमचे दाजी म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून ते चित्र हळुवारपणे पुसलं. आणि लागलीच त्याच रुमालानं तोंडही पुसलं.

मी दाजींच्या शेजारी पाहुणा म्हणून जेवत होतो. जेवणघरात पन्नासेक म्हातारी माणसं असतील. एका बाजूची टेबलं पेट्रोलवाल्यांची, दुसऱ्या बाजूची बॅटरीवाल्यांची. मधल्या टेबलावर ज्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, ती मंडळी निवांत जेवत होती.

ही सायंतारा वसाहत. पुण्यापासून तासाभरावर, डोंगराच्या उतारावर, फक्त वयस्कर लोकांसाठी बांधलेली. पायथ्याला फाटक, जेवणघर, डॉक्टरांची खोली. तिथून वर बंगल्यांच्या रांगा. सगळ्यात वरच्या रांगेतून धरणाचं पाणी दिसायचं, म्हणून ती रांग सगळ्यात आधी विकली गेली होती. घेताना लोकांचे गुडघे शाबूत होते. पुढं गुडघे गेले, पाणी तेवढं दिसत राहिलं. मग वसाहतीनं गोल्फच्या मैदानावर फिरवतात तसली एक उघडी छोटी गाडी घेतली. वरच्या रांगेतल्या माणसांना जेवायला खाली आणायचं आणि परत सोडायचं. ती गाडी जुनी होऊन बंद पडली होती आणि नवी कसली घ्यायची, पेट्रोलची का बॅटरीची, यावरून वसाहत उभी फाटली होती.

मी तेव्हा फलटणला गुरांचा डॉक्टर म्हणून निवृत्त झालो होतो. डोळ्यांच्या तपासणीला पुण्यात आलो होतो, तर चार दिवस बहिणीकडं राहावं म्हणून आलो. माझी बहीण, प्रमिलाअक्का, या दाजींची बायको. त्यांचा बंगला अगदी वरच्या रांगेत होता आणि जुनी गाडी बंद पडल्यापासून अक्का एकदाही खाली जेवायला आली नव्हती.

“तिचा डबा?” मी दाजींना विचारलं.

“कामाला कांता आहे ना, ती नेते. तू बस, जिलेबी यायचीय अजून.”

मी जिलेबीसाठी थांबलो नाही. स्वयंपाकघराच्या दारात तिचा डबा तसाच पडून होता, तो उचलला आणि चढ चढू लागलो. वर पोचेपर्यंत भात गार झाला होता आणि भाजीवर तेलाची साय आली होती.

अक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कशी गेली, तर सगळे शब्द गेले आणि दोनच उरले. अक्का साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावायचे दिवस होते ते. सबंध जिल्ह्याला तिचा आवाज ओळखीचा. मामलेदारापासून पेढेवाल्यापर्यंत सगळ्यांना ती एकाच गोड आवाजात सांगायची, “होल्ड करा.” झटक्यानंतर तेवढंच तिच्या जिभेवर शिल्लक राहिलं. भूक लागली तरी होल्ड करा, राग आला तरी होल्ड करा. आवाजाच्या चढउतारावरून काय ते ओळखायचं.

मला डबा उघडताना पाहून ती हसली. “होल्ड करा,” म्हणजे आलास का रे.

“आलो. हे काय, केस कुणी कापले तुझे?”

तिनं डावा हात मानेवरून फिरवला आणि तोंड वाकडं केलं. गुडघ्यापर्यंत वेणी होती माझ्या बहिणीची. आता शाळेतल्या पोरासारखे कापलेले केस होते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.

“दाजींनी?”

तिनं नजर डब्याकडं वळवली. मी भात कालवून तिला भरवू लागलो. मध्येच तिनं माझा हात धरला आणि बोटानं खाली दाखवलं. जेवणघराचं पत्र्याचं छप्पर झाडीतून दिसत होतं. तिथून माणसांचा गलका येत होता. तिचा आवाज खाली आला, लहान मुलीसारखा. “होल्ड करा... होल्ड करा...”

“तुला तिथं जायचंय?”

तिनं मान हलवली. पुनःपुन्हा हलवली. जन्मभर माणसांच्या आवाजात राहिलेली बाई ती. इथं धरणाचं पाणी बघत बसली होती.

संध्याकाळी मी दाजींना म्हटलं, “अक्काला सगळं कळतंय, दाजी.”

“अरे, तसं वाटतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तो भागच गेलाय.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तू जनावरांचा डॉक्टर. तुला काय वाटणार, मान हलवली म्हणजे कळलं.”

ते गमतीत म्हणाले, पण अक्का दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिनं मान खाली घातली.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या आल्या. विकणाऱ्यांची दोन माणसं आली, एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. दोघांनी एकसारखे निळे शर्ट घातले होते आणि दोघंही एकमेकांकडं न बघता हसत होते. वसाहतीतली सगळी चालती माणसं टोप्या घालून, काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुणी घरून खुर्च्या आणल्या. कुणीतरी पापड्या वाटल्या. जत्रेपेक्षा काही कमी नव्हतं.

वसाहतीच्या ड्रायव्हरनं आधी पेट्रोलची गाडी सोडली. आवाज मोठा होता, धूर होता, पण सबनीस आणि त्यांचे तिघं दोस्त तीत बसले आणि ती वरच्या रांगेपर्यंत एका दमात गेली. पेट्रोलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बॅटरीवाल्या बायकांनी नाकाला पदर लावले. एकीनं तर ओकारीचा आवाज काढून दाखवला, तेवढ्यासाठीच जणू ती सकाळपासून उभी होती.

मग बॅटरीची गाडी. पांढरीशुभ्र, आवाज नाही, गुळगुळीत. रिकामी वर गेली, खाली आली. चौघं बसून दुसऱ्या रांगेपर्यंत गेली, खाली आली. दाजी लग्नातल्या वरबापासारखे सगळ्यांकडं बघत होते.

“दुसऱ्या रांगेपर्यंत मीसुद्धा जातो चालत!” सबनीस ओरडले. “वरच्या रांगेपर्यंत न्या. आणि धडधाकट माणसं कशाला बसवताय? आजारी माणूस बसवून दाखवा. गाडी कुणासाठी आहे?”

“बसवतो की,” दाजी म्हणाले. “आमच्या हिलाच बसवतो.”

मला वाटलं, गंमत करतायत. पण ती गंमत नव्हती, आधीच ठरवलेलं होतं. गाडी दाजींना आणि मला घेऊन वर गेली. कांता अक्काला घेऊन बंगल्याच्या पायरीवर आली तेव्हा अक्काच्या अंगावर मोतिया रंगाची रेशमी साडी होती. कपाळाला कुंकू, कापलेल्या केसांत अबोलीचा गजरा कसातरी पिनांनी अडकवलेला. तिचा चेहरा मी गाडीतून पाहिला. सासरहून माहेरी निघालेल्या पोरीचा चेहरा. तिला वाटलं होतं, गाडी आली, आता जेवणघरात जायचं.

दोघांनी धरून तिला गाडीत बसवलं. दाजींनी पट्टा बांधला. गाडी खाली जेवणघरासमोर येऊन थांबली, तसे दाजी आणि मी उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं हसून डावा हात वर केला, दाराकडं बोट केलं. “होल्ड करा,” ती म्हणाली.

“वळवा! वर घ्या!” दाजींनी हाताचा पंजा फिरवला.

गाडी वळली. अक्कानं मान मागं वळवून दाराकडं पाहिलं आणि मग तिला घेऊन गाडी चढावर निघाली. वर गेली. परत खाली आली. पुन्हा टाळ्या, पुन्हा तिचा हात दाराकडं, पुन्हा “वळवा!” या वेळी तिनं हात पूर्ण वर नेला नाही.

“एकटं माणूस काय नेता! वजन टाका!” सबनीस ओरडले.

स्वयंपाकघरातून तांदळाची पोती आली. बटाट्याचं पोतं आलं. दोन माणसांनी ती तिच्या शेजारी, तिच्या पायाशी रचली. बटाट्याचं पोतं तिच्या मांडीला टेकलं, तिथं साडीवर मातीचा डाग पडला. आता माझ्याच्यानं राहवेना.

“दाजी, उतरवा तिला. पुरे झालं.”

“अरे, एकच फेरी. बघ, मजेत आहे ती.”

गाडी चढू लागली. दुसरी रांग ओलांडली. तिसऱ्या रांगेपाशी चढ एकदम उभा होता. तिथं तिचा वेग मंदावला, मग ती थांबली, आणि मग सगळ्यांच्या देखत मागं सरकू लागली. ड्रायव्हरचा ब्रेक लागेपर्यंत चांगली दोन बंगल्यांइतकी मागं आली. अक्काला मागचं काही दिसत नव्हतं. तिच्या अंगावर पोती होती, पट्टा होता आणि अर्धं अंग तिचं नव्हतं. ती किंचाळली. “होल्ड करा! होल्ड करा!”

आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक हसले. पोट धरधरून हसले. पेट्रोलवाले हसले, बॅटरीवाले हसले. “ऐका, ऐका! ऑपरेटरबाई म्हणतायत होल्ड करा!” कुणीतरी मोबाईल वर धरला होता, तो हसण्यानं हलत होता.

मी धावत वर गेलो. पोती खाली ओढली, पट्टा सोडवला. साडी ओली झाली होती. सीटवरून पाणी ओघळून पायाशी जमलं होतं. अक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

बॅटरीचा माणूस धापा टाकत आला. त्यानं आधी चाकं बघितली, मग सीट. खिशातून फडकं काढलं आणि म्हणाला, “काही काळजी करू नका साहेब. सीट रेक्झिनची आहे. पुसलं की साफ.”

मागून आलेले दाजी वाकले. त्यांनी सीटवर बोट फिरवून पाहिलं. मग वळून खाली हाक मारली, “सबनीस! हा फायदा बघा! तुमच्या गाडीची सीट कापडाची आहे!”

मी मेलेलं वासरू तुकडे करून म्हशीच्या पोटातून काढलेला माणूस आहे. सडलेल्या जखमांतले किडे चिमट्यानं वेचलेत आणि त्याच हातांनी अर्ध्या तासानं भाकरी खाल्लीय. पण त्या दिवशी तिसऱ्या रांगेच्या कुंपणापाशी मला बघवेना की ऐकवेना. दाजींनी सीटवरून फिरवलेलं ते बोट आणि त्यांचा तो आनंदी आवाज.

मी अक्काला दोन्ही हातांवर उचललं आणि बंगल्यापर्यंत चालत नेलं. वजन नव्हतंच फारसं.

कांता तिची साडी बदलत होती तोवर मी बाहेर थांबलो. आतल्या खोलीत कॉटवर एक बॅग भरून ठेवलेली दिसली. अक्काचे गाऊन, तिची औषधं, तिची जपमाळ.

“ही बॅग कसली?” मी कांताला विचारलं.

“ताईंची की. उद्या त्यांना खाली हलवायचंय ना, सेवा खोलीत.” कांतानं निष्पापपणे सांगितलं. “स्वयंपाकघराच्या मागं आहेत बघा त्या खोल्या. साहेबांनी मागंच सांगून ठेवलंय.”

त्या खोल्या मी पाहिल्या होत्या. एका खोलीत चार कॉट, उंचावर एक खिडकी आणि खरकट्याचा वास.

दुपारी बैठक झाली आणि बॅटरीची गाडी मंजूर झाली. ठराव असा, की गाडी दुसऱ्या रांगेपर्यंत जाईल. त्याच्या वर चढ जास्त असल्यामुळं बॅटरीवर ताण येतो. वरच्या रांगेतल्या ज्यांना चालता येत नाही, त्यांना सेवा खोलीत हलवण्यात यावं. विरोधात सबनीस आणि त्यांचे दोस्त, बाकी सगळ्यांचे हात वर.

दाजी घरी आले तेव्हा पेढा खात होते.

“दाजी, मग ही गाडी कुणासाठी घेतली?” मी विचारलं.

“म्हणजे काय? सगळ्यांसाठी.”

“दुसऱ्या रांगेपर्यंतची माणसं चालत जातात. ज्यांना चालता येत नाही, ती या रांगेत आहेत. पेट्रोलची गाडी चढली होती इथवर. सगळ्यांनी बघितलं.”

दाजी खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला. “तुला खरं सांगू का? ती पेट्रोलची गाडी दिवसातून चारदा आपल्या ओट्यासमोरून जाणार. आवाज, धूर. मी सकाळी इथं पेपर वाचत बसतो. एवढं बघून, हे पाणी बघून मी ही जागा घेतली.”

“आणि अक्का?”

“अक्काचं काय? दोन वर्षं मी करतोय, भालचंद्र. रात्र नाही, दिवस नाही. मला पण थोडं जगायचंय.”

ते ज्या आवाजात हे बोलले, तो खरा होता. तिथं थांबले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. दोन वर्षं मी तरी कुठं फिरकलो होतो फारसा? पण ते थांबले नाहीत.

“आणि तिला काय फरक पडतो रे? इथं काय, तिथं काय. तिला कळतंय कुठं?”

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आतून अक्काचा श्वास ऐकू येत होता. ती रडताना लहानपणापासून तशीच श्वास घ्यायची, आवाज न करता.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. बायकोला, शालनला, सगळं सांगायला सुरुवात केली, तर ती मध्येच म्हणाली, “सांगत बसू नका. घेऊन या. पुढची खोली मोकळी करते मी.”

मी आत गेलो आणि अक्कासमोर उकिडवा बसलो. “अक्का, आपल्या घरी येतेस?”

तिनं डाव्या हातानं माझ्या शर्टाचं टोक धरलं. बॅग भरलेलीच होती.

फाटकापाशी माझी जुनी जीप उभी होती. ती घ्यायला उतरलो, तर सबनीस आडवे आले. त्यांचे डोळे चमकत होते. “डॉक्टर, ऐकलं मी. फार वाईट झालं. थांबा, पेट्रोलची गाडी अजून इथंच आहे. आपण ताईंना तिच्यातून खाली आणू. सगळ्यांना बघू दे, कशी सुखरूप उतरते ते. मी बोलावतो सगळ्यांना!”

“बाजूला व्हा,” मी म्हणालो.

“अहो, त्यांच्या सोयीसाठीच—”

“सबनीस, तुम्ही बाजूला नाही झालात तर मी गाडी अंगावरून नेईन.”

ते झाले बाजूला. फाटकावरचा शिपाई, बाहेरची गाडी वर नेता येत नाही, असं काहीतरी बोलला, पण त्यानं फाटक उघडलं. मी वर गेलो, अक्काला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. दाजी ओट्यावर उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही. “तिची गोळी आठ वाजता असते,” एवढंच म्हणाले. खाली जाताना अक्कानं जेवणघराकडं पाहिलं नाही.

आमच्या घरात ती चार वर्षं होती. आमचं घर बाजारपेठेत, रस्त्याला लागून. दिवसभर माणसं यायची, ओट्यावर टेकायची, गुरांच्या औषधाचं विचारायची आणि अक्काशी बोलायची. भाजीवाली तर तिच्याशी तासभर भांडायची. शालननं तिच्याकडून रोज हातपाय हलवून घेतले आणि दुसऱ्या वर्षी ती काठी घेऊन अंगण ओलांडू लागली. केस खांद्यापर्यंत वाढले.

तेव्हाच कधीतरी दाजी आले. न कळवता, दुपारच्या एसटीनं. म्हातारे दिसत होते. आम्ही त्यांना ओट्यावर बसवलं. शालननं चहा दिला. अक्का शेजारच्या खुर्चीत होती. दाजींनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाले, “बरी दिसतेय.”

“तिलाच विचारा की,” मी म्हणालो.

ते हसले. चहाचा घोट घेतला. मग खुर्ची माझ्याकडं ओढून आवाज खाली आणला. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. इतक्या लांब माणूस उगीच येत नाही. कानात जीव आणून मी ऐकत होतो. शालनही दारात थांबली.

“भालचंद्र, ती बॅटरी बसली रे,” दाजी म्हणाले. “सबनीस आता सगळ्यांच्या कानात भरवतोय, की पेट्रोलचीच घ्यायला हवी होती. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. तू त्या दिवशी तिथं होतास. तू दोन ओळी लिहून दे, की गाडी चढली होती, ब्रेकचाच दोष होता. तुझ्या शब्दाला वजन आहे.”

अक्का हळूहळू पुढं वाकली आणि तिनं डाव्या हातानं दाजींच्या हातातला कप धरला. दाजींना वाटलं, तिला चहा हवाय. “घे, घे,” ते म्हणाले आणि कप सोडला.

तिनं तो कप ओट्याच्या कडेवरून बाहेर नेला आणि सगळा चहा खाली मातीत ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा कप शालनच्या हातात दिला. मग काठी टेकून उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना पुन्हा चहा विचारला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पिशवी उचलली आणि ते स्टँडच्या दिशेनं चालू लागले.